जिथं पाय टेकत नाहीत: मॉरिशसमध्ये यॉटवरचे दोन दिवस

मला समुद्रात पोहायचं होतं. किनाऱ्यावर नाही, तिथं पाय टेकतात. जिथं टेकत नाहीत तिथं. आणि तेही माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, डोळ्यांदेखत. या दोन अटींपायी आम्ही चौघं छत्रपती संभाजीनगरहून उठून मॉरिशसला गेलो आणि चक्क यॉट भाड्यानं घेतली. नात्यातल्या लोकांनी विचारलं, "मंदा, पैसा जास्त झाला का?" पैसा जास्त झालेला नाही. वय झालंय, सत्तावन्न, आणि डोक्यात एक गोष्ट लई वर्षांपासून घर करून बसलेली.

ती गोष्ट आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाच हट्टाला पेटली. आमचं माहेर लासूर स्टेशनजवळचं. शेतात मोठी विहीर. दर उन्हाळ्यात गावातली झाडून सगळी पोरं तिथं पोहायला शिकायची. पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा दोरीनं बांधायचा आणि द्यायचं ढकलून. अण्णा त्यात उस्ताद. अर्धं गाव त्यानं पोहायला शिकवलं. मी काय करायचे? मी काठावर उभी राहून त्याचे कपडे धरायचे. खाली ठेवले तर मुंग्या चढतात, नाहीतर पोरं पळवतात, म्हणून हातातच धरायचे. मी रोज म्हणायचे, "अण्णा, मला?" तो पाण्यातून ओरडायचा, "उद्या!" दोन-तीन उन्हाळे त्या उद्यात गेले. मग मी बारा वर्षांची झाले आणि आईनं काठावर जायचंसुद्धा बंद केलं. विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला.

चिकलठाण्यातल्या कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता नोकरीची तीस वर्षं गेली. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली आणि दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या तलावावर महिलांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं नुसता दांडा धरून उभी होते. तीन महिन्यांनी एक लांबी पोहले, दोन वर्षांनी न थांबता दहा. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर अण्णाला सांगितलं. मला वाटलं, त्याला आनंद होईल. तो आडत्या माणूस, लासूरच्या बाजारात सगळ्यांची मापं काढायची सवय. हसला आणि म्हणाला, "टाइलच्या हौदात? त्याला काय पोहणं म्हणतेत व्हय गं? तिथं म्हसबी बुडायची नाय."

माझ्या हातात ताट होतं म्हणून, नाहीतर काय फेकलं असतं देव जाणे. मी म्हटलं, "ठीक आहे. समुद्रात पोहून दाखवते. येतोस?"

"येतो की! मी आधी उडी टाकणार, तू मागनं ये," अण्णा म्हणाला. त्याला वाटलं, मी रागानं बोलतेय, विसरून जाईन. मी चार दिवसांत विमानाची तिकिटं बघितली.

मॉरिशसच का, तर एक म्हणजे आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि निघायच्या आधी भरायचा एक ऑनलाइन फॉर्म, एवढ्यावर काम होतं. दुसरं, बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे, त्याच्या आत पाणी शांत आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. एप्रिल संपता संपता गेलं तर उकाडा उतरलेला असतो आणि पुढच्या महिन्यांत सुटणारा जोराचा वारा अजून यायचा असतो. चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबई, मुंबईहून थेट सहा तास. आम्ही चौघं म्हणजे मी, आमचे हे (बँकेतून निवृत्त, स्वभावानं गरीब), अण्णा आणि वहिनी. वहिनींनी लासूरहून चाळीस धपाटे आणले होते. तिकडं उतरल्यावर खाण्याच्या वस्तू जाहीर कराव्या लागतात, म्हणून ते मुंबईच्या विमानतळावरच बसून संपवले. शेजारच्या बाकावरच्या दोन अनोळखी कुटुंबांनाही वाटले.

मॉरिशसचा विमानतळ दक्षिणेकडं आणि आम्हाला जायचं होतं उत्तरेला, ग्रां बे गावाला. टॅक्सीनं सव्वा तास. भाडं आधी ठरवून बसा. रस्ते आपल्यासारखेच डाव्या बाजूचे, गुळगुळीत, आणि दोन्ही बाजूला ऊसच ऊस. अण्णा काचेला नाक लावून बसला होता. "कांडं बारीक हाय," तो म्हणाला. "ह्यापरीस गंगापूरचा ऊस बरा." ड्रायव्हरला कळलं नाही ते बरं झालं.

संध्याकाळी रस्त्यावरच्या गाडीवर दालपुरी खाल्ली. ही नक्की खा. पातळ मऊ पोळी, आत हरभऱ्याच्या डाळीचं भरण, वर वालाची उसळ आणि हिरवी चटणी. दोन घेतल्या की पोट भरतं आणि खिसा हलका होत नाही. वहिनींनी एक घास घेतला, डोळे मिटून चावला आणि निकाल दिला, "पुरणाची पोळीच हाय की. गूळ घालायचा इसरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो. यॉट म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर जे चित्र होतं त्यापेक्षा ही वेगळी निघाली. कॅटमरान म्हणतात, खाली दोन होड्या आणि त्यांना जोडणारा वर एक ऐसपैस मजला. पांढरीशुभ्र. झोपायच्या तीन खोल्या, प्रत्येकीला न्हाणीघर, आणि पुढं पाण्यावर ताणलेली जाळी, तिच्यावर लोळायचं. दोन दिवस, एक रात्र, जेवणासकट. विमानासकट सगळा प्रवास माणशी सव्वा लाखाच्या आतबाहेर गेला, त्यात निम्म्याला जरा कमी या बोटीचे. चौघांत घेतली म्हणून परवडली. बोट चालवणारा राजेन नावाचा पन्नाशीचा माणूस, त्याचे पूर्वज बिहारकडचे, त्यामुळे हिंदी बोलणारा. स्वयंपाकाला जोसलीन, चाळिशीची, कडक, हसली की मात्र सगळे दात दाखवणारी.

आता आमचा पराक्रम. आम्ही सामान लावत होतो आणि राजेन निघण्याआधी धक्क्यावरच्या नळाला पाइप लावून बोटीची टाकी भरत होता. आमच्या संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही हे वाचकांना मी काय सांगावं. पाण्याचा आवाज कानावर पडला आणि हे खोलीतून उठले, "नळ आले!" बस्स. पुढचा अर्धा तास आम्ही काय केलं ते आमचं आम्हाला कळलं नाही. मी पातेली भरली. वहिनींनी किटली, जग, सॅलडचे वाडगे भरले. ह्यांनी तिन्ही न्हाणीघरांतली बेसिनं बूच लावून काठोकाठ भरली. शॅम्पेन थंड करायची चांदीसारखी बादली होती, तीही भरली. रिकाम्या बाटल्या दिसतील तेवढ्या भरून, झाकणं घट्ट लावून पलंगाखाली रचल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. जोसलीन वर होती, तिला पत्ताच नाही.

बांधाच्या बाहेर पडलो तशा लाटा सुरू झाल्या. समोर समुद्रातून सरळ वर आलेला एक तिरपा डोंगर आहे, त्याला क्वां द मीर म्हणतात, त्याच्याजवळ बोट डावीउजवीकडं अशी काही झुलली की खालून धबाधबा आवाज आला. गोळी आधीच घेऊन ठेवा बरं का, उलटीची. आम्ही खाली गेलो तर खोल्यांत घोटाभर पाणी, गाद्या भिजलेल्या, वाडगे तरंगताहेत. जोसलीन दारात उभी राहून तिच्या क्रिओल भाषेत जे काही बोलली त्याचा अर्थ विचारायची आमची हिंमत झाली नाही. राजेननं विचारलं, "मैडम, यह सब भरा क्यों?" हे खाली मान घालून म्हणाले, "आदत है." आम्ही चौघांनी तासभर पाणी पुसलं. माझ्या उभ्या जन्मात एवढी लाज वाटली नव्हती. वर अण्णा म्हणतो, "मंदे, पोहायची हौस खोलीतच भागली की."

दुपारी आम्ही दोन बेटांच्या मधल्या आडोशाच्या पाण्यात नांगर टाकला. एक सपाट, दीपगृह असलेलं, आणि दुसरं छोटंसं, गॅब्रिएल, पांढऱ्या वाळूचं. पाणी असं निळं, की त्यापुढं मोबाइल काढायचीही लाज वाटावी. पण वारा सुटला होता. त्या वाळूपर्यंत पोहत जाऊ का, विचारलं तर राजेननं नकारार्थी मान हलवली. "आज नहीं. कल सुबह पानी शांत रहेगा. नौ बजे तक. उसके बाद करंट." म्हणजे मला एकच सकाळ मिळणार. जोसलीननं मासे भाजले, आंबट-तिखट लोणचं, भात. सुरेख जेवण, पण माझं लक्ष त्या वाळूवर. अंतर मनात मोजून ठेवलं. आमच्या तलावाच्या सहा लांब्या.

सकाळी सहालाच मी पोहायचे कपडे घालून, वर कुर्ता चढवून तयार. वर आले तर राजेन तोंड पाडून बसलेला. टाकीच्या पाइपचा जोड रात्रीत सुटला होता. गोडं पाणी सगळं बोटीच्या बुडात उतरलं आणि तिथल्या पंपानं इमानेइतबारे समुद्रात फेकून दिलं. टाकी कोरडी. "वापस जाना पड़ेगा, मैडम. अभी. पीने का बोतल है, लेकिन नहाने का नहीं, बर्तन का नहीं. कंपनी का नियम है. गेस्ट लोग शिकायत करते हैं."

"कोण शिकायत करतं?" मी विचारलं.

"सब. एक गेस्ट दिन में तीन बार नहाता है. नमक का पानी, उसके बाद मीठा पानी. नहीं मिला तो झगड़ा."

मी त्याला हाताला धरून खाली नेलं. पलंगाखालच्या झाकणबंद बाटल्या एक एक करून बाहेर काढल्या. पंचवीस निघाल्या. शिवाय झाकणाची दोन पातेली वहिनींनी चादरीनं बांधून कोपऱ्यात दाबून ठेवली होती, तीही शाबूत. "हे बघ," मी म्हटलं, "हम संभाजीनगर के हैं. इतने पानी में हम छह लोगों की अंघोळ, भांडी और चहा करके ऊपर से आधा बचाके वापस देंगे. हमको कोई शिकायत नहीं. लिहून देऊ का?" राजेननं एक बाटली उचलून हलवून बघितली. मग हसायला लागला, ते थांबेचना. जोसलीनला बोलावून दाखवलं. काल आमच्यावर करवादलेली ती बाई, तिनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढं गेले. राजेननं फोनवर कंपनीशी बोलून दुपारपर्यंतची परवानगी काढली. आमच्या यड्यासारख्या सवयीचा मला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला.

आठ वाजता आम्ही सगळे बोटीच्या मागच्या बाजूला, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर. अण्णा जांघेपर्यंतची निळी चड्डी घालून, दंड थोपटत आला. ठरल्याप्रमाणं आधी तो. एक पायरी उतरला. दुसरी. तिसऱ्या पायरीवर बोट लाटेसरशी जरा खाली बसली आणि पाणी त्याच्या गुडघ्यांवरून छातीपर्यंत आलं. त्यानं दोन्ही हातांनी दांडा पकडला. बघतो तर बघतोच आहे. मग उलट्या पावली वर आला.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या.

"विहिरीला काठ असतो," अण्णा हळू म्हणाला. "चारी बाजूंनी. कुठंबी हात मारला तरी दगड लागतो. ह्याला काठ कुठंय?"

वहिनी हसल्या. ह्यांनी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एक क्षणभर लई बरं वाटलं. पण वर येऊनही त्यानं दांडा सोडला नव्हता हे दिसलं आणि ते बरं वाटणं तिथंच विरलं. मी चष्मा काढला. तेवढ्यात तो म्हणाला, "मंदे, तूबी जाऊ नको. मोठा भाऊ म्हणून सांगतोय. पुढल्या वेळंला बघू."

हाच तो आवाज. पाण्यातून यायचा तो.

"अण्णा," मी म्हटलं, "तुझं हे उद्या ऐकत मी म्हातारी झाले. मी चाललेय. दोन वर्षं मी ह्याच्यासाठीच पहाटे उठले. बुडाले तर राजेन मागं होडी घेऊन येणार आहे, काढेल. पण मी चाललेय." मग चष्मा, बांगड्या, कुर्ता, ओढणी, टॉवेल, एक एक करून त्याच्या हातात दिलं. "हे धर. खाली ठेवू नको, ओलं होईल."

त्यानं धरलं.

पाणी थंड नव्हतं, पण जिवंत होतं. तलावातलं पाणी आपण हलवू तेवढंच हलतं, हे आपल्याला हलवतं. पहिल्या पन्नास हातांपर्यंत मी मोजत होते. मग एक लाट तोंडात गेली. खारट जाळ. खोकला आला, पाय खाली सोडले आणि खाली काही नव्हतं. चष्मा नसल्यामुळं पुढं नुसता पांढरा पट्टा आणि मागं बोटीचा ठिपका. भीती वाटली, खरीखुरी. राजेननं लांबून विचारलं, "मैडम?" मी हात वर करून नको म्हटलं. मॅडमनी शिकवल्याप्रमाणं उताणी झाले, कान पाण्यात, आकाश वर. दहा श्वास मोजले. मग पालथी होऊन पुन्हा हात मारायला लागले. मोजायचं सोडून दिलं. कधीतरी बोटांना वाळू लागली, तेव्हा पाण्यातच बसले आणि मोठ्यानं रडले. ऐकायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी थांबले नसते.

परत मात्र राजेनच्या छोट्या होडीतून आले, अंगात तेवढा जीव उरला नव्हता. बोटीजवळ आले तसा अण्णा स्पष्ट दिसला. तसाच, त्याच पायरीच्या वर. कपडे दोन्ही हातांनी छातीशी धरलेले. वहिनी म्हणाल्या, "बसला न्हाई. ऊन तापलं, टोपी घाला म्हटलं तर घालीना, हात मोकळे न्हाईत म्हणून."

मी वर चढले. त्यानं आधी चष्मा दिला, मग टॉवेल. कुर्त्याची व्यवस्थित घडी होती. मी केस पुसत होते तेव्हा तो म्हणाला, "तू असंच उभी राहायचीस का? विहिरीवर?"

"हो."

"ऊन लागायचं?"

"लागायचं की."

"मग सांगायचं की गं."

"तू पाण्यात असायचास," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि सावलीत जाऊन बसला. वहिनींनी मला एका बाटलीत अंघोळ घातली, डोक्यासकट. दीड लीटर. राजेन आणि जोसलीन उभे राहून बघत होते आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी धक्क्याला लागलो तेव्हा अकरा बाटल्या शिल्लक होत्या. त्या आम्ही मोजून जोसलीनच्या ताब्यात दिल्या. पुढचे दोन दिवस बाजार, शंकराचं मोठं तळं, रंगीत मातीचा डोंगर हे सगळं रीतसर पाहिलं. त्याचं वर्णन तुम्हाला कुठंही मिळेल.

घरी येऊन आता महिना होत आला. नळ आले की आम्ही अजून तसेच धावतो, त्यात काही फरक नाही. जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: आधी पोहायला शिका, नसेल येत तर तरंगायचा पट्टा बांधून उतरा, पण नुसते जाळीवर लोळून परत येऊ नका. यॉटची चैन होती, नाही कशाला म्हणू. पण माझ्या लक्षात गाद्या, मासे, निळं पाणी यातलं काही फारसं उरलेलं नाही.

गेल्या आठवड्यात अण्णाचा फोन आला. त्याची नात स्वरा, नऊ वर्षांची, सुट्टीत आलीय आणि विहिरीत उतरायचं म्हणून हटून बसलीय. "यंदा पाणी चांगलं हाय," तो म्हणाला. "डबाबी शोधून काढलाय. तू ये. तिला तूच शिकव, तुझ्यासारखं दम धरून पोहायला."

आम्ही रविवारी सकाळी गेलो. अण्णानं स्वतः स्वराच्या पाठीला डबा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. मी पाण्यात होते, ती पायऱ्यांवर. तिनं फ्रॉक आणि चपला आजोबांच्या हातात दिल्या, मी माझा चष्मा आणि कुर्ता आधीच दिला होता. ऊन चढलं तशी वहिनींनी चिंचेखालून हाक मारली, "अहो, सावलीत बसा की. कपडे कोण पळवतंय आता?"

अण्णा काठावरून हलला नाही. "नाय," तो म्हणाला. "हितं उभंच राहावं लागतं."